‘जातो’ म्हणायचं नाही!

गरम पोळीवर गरम पोळी टाकत गेलं की त्या एकमेकींना चिकटून बसतात. गिऱ्हाईक डबा उघडतं आणि हातात नुसता गठ्ठा येतो! म्हणून आमच्याकडे पोळी आधी फडक्यावर निववायची, मग डब्यात. लढाईच्या दिवसांतल्या आमच्या किश्श्यांचं तसंच झालं बघा. तेव्हा एकावर एक इतके पडत होते, की हसायचं कशावर आणि डोळे पुसायचे कशावर, ते सुटं करताच येईना. आता निवलेत. एकेक सोडवून सांगते.

आमचं पोळी-भाजी केंद्र वारज्यात, एका मोठ्या सोसायटीच्या खालच्या गाळ्यात. शालनताई मालकीण. अस्सल पुण्याच्या. वाक्य छोटं, जखम मोठी! दुसरी संगीता, यवतमाळकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली. ती हसायला लागली की तिची पोळी गोल येत नाही, आणि ती सारखीच हसते. कुंदाकाकू आमच्यात सगळ्यांत मोठ्या. साठी ओलांडली तरी त्यांच्यासारखी पोळी आमच्यात कुणाची फुगत नाही. आणि चौथी मी, अश्विनी. माझी परी तीन वर्षांची. तिला कुणाकडे सोडायला माझा जीव होत नाही, म्हणून ती गाळ्याच्या कोपऱ्यात उपड्या डब्यावर बसलेली असते.

मला सगळ्याचीच भीती वाटते. परी शिंकली तरी वाटते, बराच वेळ शिंकली नाही तरी वाटते. मग लढाईची किती वाटली असेल, तुम्हीच ठरवा!

*

कुंदाकाकूंचा एक नियम होता. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. वाईट म्हणजे शिवी नव्हे हं, शिव्या त्यांना चालायच्या! पण बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दुकान बंद केलं नाही, दुकान वाढवलं. तेल संपलं नाही, तेल उदंड झालं. आणि निघताना ‘जाते’ तर मेलं तरी नाही. (हे ‘मेलं तरी’सुद्धा त्यांनी वाचलं तर खोडायला लावतील.) निघताना ‘येते’ म्हणायचं. जाणारं माणूस ‘येतो’ म्हणालं की ते परत येतं.

संगीता कामाच्या पहिल्याच दिवशी चप्पल घालून म्हणाली, “जातो मी, काकू.” तिच्याकडे बायकाही ‘जातो’च म्हणतात.

“आत ये परत,” काकू म्हणाल्या.

“काऊन वो? काही राहिलं का?”

“हो. ‘येते’ म्हणायचं राहिलं.”

“आत्ता त चालली मी! आत्ताच येतो कशी म्हणू?”

शालनताई हिशेबाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाल्या, “म्हण बाई. नाहीतर उद्याचं पीठ आजच मळायला लागेल.”

माझी शाळा सातवीतच सुटली, हे मी सांगितलं तेव्हाही काकूंनी दुरुस्त केलं. “सुटली नाही म्हणायचं. वाढली म्हण.”

म्हणजे त्यांच्या भाषेत माझं शिक्षण सातवीपर्यंत वाढलेलं आहे!

*

काकूंना मुलगा एकच, महेश. फौजेत आहे. त्या वर्षी सुट्टीवर घरी आला होता. काकू रोज इथून घरी जाताना त्याच्यासाठी काही ना काही बांधून न्यायच्या. “भरल्या वांग्यासाठी सुट्टी काढतो गुलाम,” असं म्हणायच्या आणि सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल एवढं कौतुक करायच्या.

मग सीमेवर सुरू झालं. टीव्हीवर लाल पट्ट्या, लोहगावच्या बाजूनं विमानांचा गडगडाट. फडक्यावरच्या पोळ्या थरथरल्यासारख्या वाटायच्या मला. परी वर बघून टाळ्या वाजवायची आणि मी तिचे कान झाकायची.

एका दुपारी काकूंचा मोबाइल वाजला. हात कणकेत बुडालेले. “अश्विने, स्पीकर लाव गं.” मी लावला.

“आई, सुट्टी रद्द झाली. लगेच निघायला सांगितलंय. तुला भेटायला तिकडे यायला वेळच नव्हता. स्टेशनवरूनच बोलतोय.”

“अरे! दही तरी घेतलंस का हातावर?”

“आई, गाडी सुटली बघ. ठेवतो. जातो हं.”

आणि फोन कट.

“येतो म्हण!” काकू ओरडल्या. “महेश! येतो म्हण रे! येतो म्हण!”

कणकेचे हात तसेच वर धरलेले. मी पुन्हा फोन लावला. लागला नाही. संगीतानं लावला. नाही लागला. तिच्या पोटात हसण्याचं कायमचं घर आहे ना, ते त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बघितलं मी.

काकूंनी परातीकडे बघितलं. मग पुन्हा कणीक मळायला घेतली. थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “गाडीत आवाज फार असतो. म्हणाला असेल.”

म्हणाला नव्हता. स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी काकूंनी पिशवी घेतली, चप्पल घातली आणि निघाल्या. नुसत्याच. ‘येते’ न म्हणता. मी धावत दारात गेले. “काकू, येते म्हणा की!”

त्या थांबल्या. माझ्याकडे वळल्या नाहीत. “त्याचं राहिलंय गं. आधी त्याचं. मग माझं.”

*

त्या दिवसापासून मी घरी कहर केला. आमचे हे हिंजवडीला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. पहाटे बूट घालता घालता सवयीनं म्हणाले, “जातो गं.” मी परीला कडेवर घेऊन जिन्यावरून त्यांच्यामागे धावले. गाऊनवर! खालचे दूधवाले बघत राहिले.

“येतो म्हणा!”

“अगं, हिंजवडीला चाललोय मी! बॉर्डरवर नाही!”

हा किस्सा गाळ्यात सांगितला तर शालनताई म्हणाल्या, “बरोबर केलंस. बॉर्डरवरून माणूस परत येतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून खात्री नाही.”

*

आता ‘उदंड’चा किस्सा.

लढाई सुरू झाली तशी लोकांनी किराणा उचलायला सुरुवात केली. दुकानांत तेल नाही, साखर नाही. आमच्या डब्यांवर कितीतरी म्हातारी माणसं जेवतात, ज्यांची मुलं परदेशात. शालनताईंच्या कपाळाला आठ्या. तेवढ्यात काकूंनी आतून मोठ्यानं सांगितलं, “शालन, तेल उदंड झालंय हं! पीठही उदंड झालंय. साखर तर सकाळीच उदंड झाली!”

बाहेरून सोसायटीचे सेक्रेटरी चालले होते. निखिल त्यांचं नाव. आयटीतले, लहानपणापासून इंग्लिश मीडियमचे, माणूस सरळ. त्यांनी ते ऐकलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, “खाली केंद्रात तेल, पीठ, साखर उदंड आहे. गरजूंनी संपर्क साधावा.”

बाप रे! लिफ्ट पुरेना. बरण्या, किटल्या, एक जण तर बादली घेऊन!

“आमच्याकडे काही नाही,” शालनताई म्हणाल्या.

“साठा लपवताय का?” बादलीवाले म्हणाले. “निखिलनं स्वतः ऐकलंय, उदंड आहे म्हणून!”

काकूंनी तेलाचा डबा उचलला आणि सगळ्यांसमोर परातीवर उपडा धरला. एक थेंब लोंबला. लोंबला, लोंबला, पण पडेना.

निखिल बिचारे लाल झाले. “पण काकू, तुम्हीच म्हणालात, उदंड.”

“हो मग! उदंडच आहे,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे नाही,” शालनताईंनी भाषांतर केलं. “संध्याकाळी वरच्या आजी-आजोबांचे डबे जायचेत. तेच होणार नाहीत आज.”

वर धरलेल्या बरण्या खाली आल्या. मग बादलीवाले वर गेले. आम्हाला वाटलं, रागावून गेले. खाली आले ते हातात तेलाची पिशवी घेऊन. त्यांच्यामागे एक बाई पीठ घेऊन आल्या. मग साखर. कुणी अर्धी वाटी, कुणी भांडंभर. जे न्यायला आले होते ते देऊन जायला लागले. बघता बघता आमचा डबा काठोकाठ!

संगीता डोळे मोठे करून म्हणाली, “अरे बाप्पा!”

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. “बघितलंस? तोंडातून काढलं तसं झालं.”

सगळे हसले. मी नाही हसले. उदंड म्हटलं तर उदंड होतं. मग त्या दिवशी फोनवर जे म्हटलं गेलं, त्याचं काय? काकूंकडे बघितलं, तर त्याही हसत नव्हत्या.

*

सायरनचं सांगते.

एक दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, उद्या सायरनची प्रॅक्टिस आहे, घाबरू नका. मला सांगून काय उपयोग? मी आदल्या दिवसापासून घाबरून बसले. मोठ्यांना समजवता येतं. तीन वर्षांच्या पोरीला काय सांगू? विमान? बॉम्ब? तिला तर हे शब्दच माहीत नाहीत, आणि मला तिला शिकवायचे नव्हते.

सायरन वाजला. पोटातून वर येणारा तो आवाज! परीचं तोंड वाकडं झालं, रडणारच होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “कुकर गं! मोठ्ठा कुकर! सगळ्या पुण्याचा भात लावलाय!”

परीनं कान दिला. “किती मोठा?”

“पर्वतीएवढा.”

“शिट्टी झाली?”

“होतेय बघ.”

सोसायटीच्या पोरांनी हे ऐकलं आणि सगळीकडे पसरवलं. प्रॅक्टिस झाल्यावर खाली खेळणारी पोरं आईच्या मागे लागली, “भात झाला, भात वाढ!” शालनताईंना त्या दिवशी भाताच्या ज्यादा ऑर्डरी आल्या. म्हणाल्या, “सरकारनं आमच्या धंद्याला इतका मोठा भोंगा कधी दिला नव्हता.”

काकूंनी मात्र परीला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, “तू भित्री आहेस म्हणतात. पोरीला भीती कळू नये म्हणून सगळ्या शहराचा भात शिजवलास गं!”

मला कुणी इतकं मोठं कधी म्हटलं नव्हतं. मी पटकन कणीक मळायला बसले.

*

अफवा तर विचारू नका. कुणीतरी संगीताला मोबाइलवर पाठवलं, पांढरे कपडे गच्चीवर वाळत घालू नका, विमानातून दिसतात. तिनं घरातल्या पांढऱ्या चादरी हळदीच्या पाण्यात बुडवल्या! नवरा चिडला, तर त्याला म्हणाली, “वाचशील तवा भांडशील ना मायासंग?”

मी शालनताईंना घाबरत विचारलं, “तुमच्या ह्यांचे शर्ट पांढरेच असतात ना हो?”

“असतात. पण धुतल्यावरसुद्धा ते विमानातून पांढरे दिसणार नाहीत. निर्धास्त राहा.”

हिंजवडीला नोकरी करणारी पोरं फोन करून करून विचारायची, लढाईत डबा चालू राहणार का? शेवटी शालनताईंनी दारावर खडूनं लिहिलं: ‘युद्ध चालू आहे. पोळ्याही चालू आहेत. दोन्ही कधी थांबणार हे आम्हाला विचारू नये. डबा धुऊन परत करावा.’

*

आता अंधाराच्या प्रॅक्टिसचा. हा आमच्या सोसायटीत अजून सांगतात.

तिन्हीसांजेला सायरन झाला की सगळ्यांनी दिवे बंद करायचे, असं ठरलं होतं. निखिल हातात भोंगा घेऊन अंगणात उभे. सायरन सुरू झाला आणि ते ओरडले, “सर्वांनी दिवे विझवा! ताबडतोब विझवा!”

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. “तिन्हीसांजेला दिव्याला असं म्हणतोस? माझा मुलगा तिकडे आहे रे.”

निखिलना महेशचं माहीत होतं. त्यांचा चेहराच पडला. “सॉरी काकू. मला तसं... मग काय म्हणू?”

“वाढवा म्हणावं. दिवा वाढवा.”

सरळ माणूस तो. त्यांनी भोंगा तोंडाला लावला आणि जीव तोडून ओरडले, “सर्वांनी दिवे वाढवा! सगळेच्या सगळे वाढवा! प्लीज, लवकर वाढवा!”

आणि वाढले की! पहिल्या मजल्यावर लागले, दुसऱ्यावर लागले. गॅलऱ्यांतले लागले, जिन्यातले लागले. कुणाकडे लग्न झालं होतं, त्यांच्या माळा अजून काढायच्या होत्या, त्याही लागल्या! शेजारच्या सगळ्या इमारती काळ्याकुट्ट आणि मधोमध आमची सोसायटी नुसती झगमगतेय!

शालनताई गाळ्याच्या पायरीवर येऊन वर बघत म्हणाल्या, “छान. वरून बघणाऱ्याला वाटेल, इथे दिवाळी आहे. उद्या येऊ.”

संगीता हसून हसून खालीच बसली. निखिलना रडूच यायचं बाकी होतं. “काकू, आता काय म्हणू हो? तुम्हीच सांगा!”

सायरन वाजतच होता. आम्ही सगळ्या काकूंकडे बघत होतो. ‘विझवा’ म्हटलं असतं तर एका क्षणात झालं असतं. तो शब्द त्यांच्या ओठापर्यंत येऊन परत जाताना मी बघितला. मग त्या म्हणाल्या, “झाका म्हण.”

“झाका?”

“दिवे झाका म्हण. झाकला तरी दिवा आत असतोच.”

“सर्वांनी दिवे झाका!” निखिल ओरडले. “दिवे झाका!”

खिडकीमागून खिडकी मिटत गेली. माळा गेल्या. जिना गेला. काकू आत आल्या. गाळ्यातल्या देवापुढचं निरांजन त्यांनी उचललं आणि मोठी परात भिंतीला टेकवून तिच्या आड ठेवलं. बाहेर जराही उजेड येईना, पण परातीच्या काठाला सोन्याची एक रेघ होती.

आम्ही अंगणात उभ्या राहिलो. मी परीला घट्ट धरलं होतं. आणि मग हळूहळू डोळ्यांना दिसायला लागलं. वर बघितलं, तर आकाशभर चांदण्या! मी लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून इथं आकाश आहे हेच विसरले होते. हायवेचा आवाज नाही. टेकडीची काळी कड दिसत होती. एवढी मोठी सोसायटी, वरच्या मजल्यापर्यंत माणसं गॅलरीत उभी, आणि कुणी बोलत नव्हतं.

संगीता हळूच म्हणाली, “ह्या चांदण्या त आमच्या गावच्या आहे वो! इकडे कवा आल्या?”

सायरन थांबला. त्या शांततेत परीचा आवाज सगळ्या सोसायटीला ऐकू गेला.

“आई, भात झाला!”

*

एक मात्र हसण्यासारखा नाही, पण सांगते.

एक गृहस्थ रोज संध्याकाळी पोळ्या न्यायला यायचे. मोठा आवाज. रांगेत उभे राहून भाषण चालायचं. “मी म्हणतो, आता थांबायचंच नाही! दोन-चार हजार गेले तर गेले! पण एकदाच काय ते होऊन जाऊ दे!”

काकू तव्यापाशी होत्या. पाठमोऱ्या.

शालनताई म्हणाल्या, “होऊ दे की. तुमचं नाव देऊ का भरतीला?”

“अहो, आमचं वय का आता!”

“मग आवाजाचं वय बघा.”

तरी ते थांबेनात. गेले तर गेले, गेले तर गेले. मला वास आला. मी वळून बघितलं. काकूंच्या तव्यावर पोळी काळी पडत होती आणि काकू उलथनं हातात धरून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातून पोळी जळलेली मी कधी बघितली नव्हती. पुढेही बघितली नाही.

मी पुढे झाले, तर त्यांनी मला हातानं अडवलं. ती पोळी बाजूला काढली. नवी लाटली. भाजली, फुगली, वर तूप सोडलं. स्वतः बाहेर नेऊन त्या गृहस्थांच्या हातात दिली.

“ही खाऊन बघा. तुमच्या डब्यातली जरा जास्त भाजली गेली. माझं लक्ष नव्हतं. मुलगा तिकडे आहे ना, कुणी ‘गेले’ म्हटलं की लक्ष जातं.”

ते गृहस्थ पोळी हातात धरून उभेच राहिले. गरम होती, बोटं भाजत असणार. खाली ठेवेनात. खाईनात.

दुसऱ्या दिवसापासून ते येतात, डबा घेतात आणि निघताना खालच्या आवाजात म्हणतात, “येतो.”

*

मग एकदाचं टीव्हीवर आलं, की थांबलं. शालनताईंनी आवाज मोठा केला. सोसायटीत पोरं नाचायला लागली. संगीतानं मला मिठी मारली, दोघींच्या अंगावर पीठच पीठ! मग ती एकदम थबकली आणि काकूंकडे वळली.

“काकू, आता काय म्हणावं वो? लढाई संपली म्हणावं, का वाढली?”

खरंच की! तेल संपलं नाही, उदंड झालं. दुकान बंद नाही, वाढवलं. मग लढाईचं काय करायचं? काकूंनी लाटणं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला.

“संपली म्हण,” त्या म्हणाल्या. “चांगलं स्पष्ट, संपली म्हण. पुन्हा पुन्हा म्हण.”

“संपली!” संगीता ओरडली. “संपली!” मी ओरडले. परी डब्यावर उभी राहून ओरडायला लागली, “भात संपली!”

शालनताईंनी दारावरचं जुनं पुसून नवं लिहिलं: ‘आज डब्यात गोड आहे. कारण विचारून वेळ घालवू नये.’

पण त्या संध्याकाळी काकू पिशवी घेऊन निघाल्या, त्या तशाच. न बोलता. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. महेशचा फोन आलेला नव्हता. त्याच्या पलटणीकडून ‘सगळे ठीक आहेत’ एवढा निरोप आला होता, पण निरोपाला काय, निरोप ‘येतो’ म्हणत नाही. आम्ही कुणी विषय काढत नव्हतो. मी तर रोज संध्याकाळी त्या चप्पल घालायला लागल्या की मुद्दाम भांडी घासायला बसायची. तो न आलेला शब्द मला दारात ऐकायचा नव्हता.

*

आणि आता हा शेवटचा.

नेहमीसारखी दुपार. काकूंचे हात कोपरापर्यंत कणकेत. त्यांचा मोबाइल वाजला. स्क्रीन बघून मी ओरडलेच, “काकू! महेश!” आणि स्पीकर लावायला बोट पुढे केलं.

“थांब!” काकू म्हणाल्या.

त्यांनी हात पुसले नाहीत, धुतले नाहीत. तशाच कणकेच्या हातानं फोन माझ्याकडून ओढून घेतला, कानाला लावला आणि गाळ्यामागच्या नळापाशी निघून गेल्या. संगीता दाराकडे सरकली, तर शालनताईंनी तिला नुसत्या डोळ्यांनी जागेवर बसवलं. तवा रिकामाच तापत राहिला. बाहेर फोडणीसारखा पाण्याचा बारीक आवाज येत होता, काकूंनी नळ सोडला होता. त्याच्यावरून एक शब्द आम्हाला ऐकू आला नाही.

काकू आत आल्या. कणीक फोनला, गालाला, कानाच्या पाळीला. पाटावर बसल्या. गोळा घेतला. लाटायला लागल्या.

आम्ही तिघी बघतोय.

शेवटी शालनताईंनीच विचारलं, “काय म्हणाला?”

“म्हणाला, तिकडच्या पोळ्या फार जाड असतात.”

“अजून?”

“अजून काय? पोरगं आहे. खाण्याचंच बोलणार.”

बस. पुढे काही नाही. दिवसभर लाटत होत्या. कानाला लागलेली कणीक वाळून पांढरी झाली, तरी कुणी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही पुसली नाही.

संध्याकाळ झाली. डबे गेले. काकूंनी पिशवी घेतली. मी सवयीनं भांड्यांपाशी बसले, मान खाली घातली आणि घासणी जोरजोरात फिरवायला लागले.

चप्पल वाजली. पायरीपर्यंत गेली. थांबली.

“येते गं!”

इतक्या मोठ्यानं, की वरच्या गॅलरीतून दोघं-तिघं वाकून बघायला लागले.

शालनताई कुणासाठी खुर्चीतून उठत नाहीत. गिऱ्हाइकासाठी नाही, नगरसेवकासाठी नाही. त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या. दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “या.”